अप्पांच्या पायाचा तीळ

"बसत न्हाय, निघतोच," असं म्हणत अप्पा दवाखान्यात शिरायचे आणि मग तासभर उभे राहायचे.

उभं राहायचीही त्यांची एक तऱ्हा होती. दाराच्या चौकटीला डावा खांदा टेकवायचा, धोतराचा सोगा एका हातात धरायचा आणि दुसऱ्या हातानं बोलायचं. चहा दिला तर तोही उभ्यानंच, दोन घोटांत. चपला बाहेर जिन्यापाशी काढायचे, त्याही रस्त्याकडे तोंड करून, म्हणजे निघताना वळायला नको. अशी एक-दोन माणसं तुमच्याही ओळखीची असतील. घरात आली तरी पूर्ण येत नाहीत, थोडी रस्त्यावरच राहतात.

आमचा दवाखाना तुळजापुरात, स्टँडच्या मागच्या गल्लीत, एका मेडिकलच्या वर. पाटीवर त्वचारोग वगैरे लिहिलंय, पण गावात त्याला 'डागाचा दवाखाना' म्हणतात. डॉक्टर म्हणजे मॅडम, आणि मी त्यांच्या हाताखाली. लेझरचं मशीन आलं तेव्हापासून मशीनच्या खोलीत मी असतेच. पेशंटच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवायचा, गालाला गार जेल लावायचं, हात धरायचा, आणि मशीन टिकटिक करायला लागलं की "झालं, झालं, एवढंच राहिलं" असं धडधडीत खोटं बोलत राहायचं. कातडीवर रबर ताणून सोडल्यासारखं लागतं. खोलीत केस जळल्याचा वास भरतो. पहिल्या दिवशी मला तो सोसला नव्हता, आता तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं.

उन्हातान्हात राबून गालांवर वांग चढलेल्या बायका येतात, मुरमांचे काळे डाग घेऊन कॉलेजच्या पोरी येतात, आणि लग्न ठरायच्या आधी तर येतातच येतात. अप्पा त्या पोरींना घेऊन यायचे.

सोयरिकी जुळवणं हा अप्पांचा उद्योग. मूळचे माकणीचे, लिंगायत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि तोंडात दोन भाषा. लोहारा, उमरगा, नळदुर्ग, पलीकडं कानडी मुलखात आळंदपर्यंत कोणत्या घरात लग्नाची पोरगी आहे आणि तिच्या आजोळचं भांडण काय आहे, हे त्यांना तोंडपाठ. एखादी आई कानडीत रडायला लागली की अप्पा कानडीत समजूत घालायचे आणि तेवढ्यात मान वळवून मला मराठीत सांगायचे, "ताई, हिला पयलं पानी द्या, मंग बोलू."

ते आणत ती प्रत्येक पोरगी त्यांची भाची असायची. "म्याडम, ही माजी भाची. गालावर जरा ढग आलेत. पौषापातुर आभाळ मोकळं करा." वांगाला ते ढग म्हणत. सुरुवातीला मला खरंच वाटलं की या माणसाला डझनावारी बहिणी असाव्यात. मग एकदा मी विचारलंच. ते म्हणाले, "लोकाच्या पोरीला घिऊन दवाखान्यात गेलो म्हनलं तर उद्या गावात नाव निगंल तिचं. मामा भाचीला कुटंबी नेऊ शकतो." त्यानंतर मीही नाव लिहिताना विचारायचे, "अप्पा, ही कितवी भाची?" आणि ते खुशीत येऊन म्हणायचे, "मोजू ने. नजर लागती."

लेझर केल्यावर गालावर खपली धरते. ती पडेपर्यंत ऊन नको, हळद नको, कुंकू नको. हे आयांना पटवणं म्हणजे डोंगर हलवणं. हळदीशिवाय लग्न कसं? ते काम अप्पा करायचे. "हळद हाताला लावा, पायाला लावा, सगळ्या वऱ्हाडाला लावा, गाल तेवढा सोडा. म्याडमनी गाल उधार दिलाय." आया हसायच्या आणि ऐकायच्या. दुसऱ्याला ऐकायला लावण्यात हा माणूस वस्ताद होता. स्वतः ऐकण्याचं मात्र पुढं बघा.

तुळजापूर असल्यामुळं त्यांच्या जमवलेल्या जोड्या लग्नानंतर देवीच्या दर्शनाला यायच्याच. मग अप्पा त्यांना घेऊन आमचा जिना चढायचे. नवी नवरी मॅडमच्या पाया पडायची, मळवट भरलेला नवरदेव ओशाळून भिंतीकडं बघायचा, आणि अप्पा चौकटीला खांदा लावून म्हणायचे, "बगा, ढग ऱ्हायलाय का कुटं?" मला ते दिवस फार आवडायचे. आमच्याकडं लोक लपून येतात, सांगून आभार मानायला कोण येतंय?

एकदा नळदुर्गाकडची एक पोरगी आणली. वरच्या ओठावर ठळक तीळ. पाहुण्यांनी नाक मुरडलं होतं. मॅडमनी तपासून सांगितलं की तीळ साधा आहे, जन्माचा आहे, काढता येईल. आई मात्र अडून बसली. तीळ काढला तर पोरीचं नशीब जाईल, आजेसासूनं सांगितलंय. पोरगी चष्मा लावून मशीनखाली आडवी, आई दाराशी रडतेय, मॅडम हातमोजे घालून थांबलेल्या.

अप्पा पुढं आले. "माय, तोंडाचा तीळ लोकान्ला बगायचा असतू. त्यो गेला तर काय बिगडत न्हाय. नशिबाचा तीळ हितं असतू," असं म्हणून त्यांनी चौकटीला धरून एका पायावर तोल सावरला आणि उजवं पाऊल उचलून आईला दाखवलं.

पोरीनं चष्मा वर करून पाहिलं. मीही पाहिलं. टाचेच्या पुढं, पावलाच्या खोलगट जागेत, तुरीच्या डाळीएवढा काळा डाग होता. सगळा सारखा काळा नव्हता. मधे निळसर होता आणि एका बाजूला त्याची कडा शाई सांडल्यासारखी ओघळत गेली होती. अप्पा अभिमानानं आईकडं बघत होते. मी मॅडमकडं पाहिलं. त्यांनी हातमोजे काढले होते.

"अप्पा, हा कधीपासून आहे?"

"येरमाळ्याच्या यात्रंपासनं. देवीची चुनखडी येचाया अनवानी गेलतो, खडा रुतला. जखम भरली आन तितं तीळ उगवला. आदी ज्वारीएवडा हुता. त्यो वाढला तसा माजा धंदा वाढला."

"बसा जरा. भिंगातून बघते."

"बसत न्हाय."

मग मॅडम फरशीवर गुडघे टेकून खाली बसल्या आणि भिंग लावून त्यांचं पाऊल बघू लागल्या. अप्पा कमालीचे ओशाळले. "म्याडम, पाया कशाला पडताय," म्हणाले. आई हसली, पोरगी हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना मी इतकी वर्षं ओळखते. एखादी गोष्ट नको तशी निघाली की त्या कपाळावरची बट कानामागं सारतात. ती त्यांनी सारली, पुन्हा सारली.

पोरीचं काम उरकल्यावर त्यांनी अप्पांना आत बोलावलं आणि अगदी साध्या शब्दांत सांगितलं. पन्नाशीनंतर तळपायाला नवा तीळ आला आणि असा वाढत गेला तर त्याला तीळ समजायचं नसतं. तो मुळासकट कापायचा आणि सोलापूरला तपासायला पाठवायचा. आज तो एवढासा आहे. उशीर केला तर तो पायापुरता राहणार नाही, जीव घेईल.

"कापायचा?" अप्पांनी विचारलं. पुढचं त्यांनी ऐकलं की नाही, मला शंका आहे. "देवीनं दिलेला हाय म्याडम. कापत्यात व्हय?"

त्या तिळामागं काय होतं ते मला जिन्यात कळलं. मी त्यांच्या मागोमाग उतरले, हात जोडले, म्हटलं, अप्पा, ऐका. ते पायरीवर थांबले, उभेच. पूर्वी माकणीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. गादीवर दिवसभर बसायचे आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं. सोयरिकी जुळवायला घेतल्या तर त्याही मोडायच्या, एक तर अक्षता पडायच्या आदल्या दिवशी मोडली. दुकान उठलं. त्यानंतर येरमाळ्याला पायात खडा रुतला, तीळ आला, आणि देवीच्या एका म्हाताऱ्या आराधिणीनं तो बघून सांगितलं की या तिळात प्रवास आहे, हा आता तुला घरी बसू द्यायचा नाही. त्याच महिन्यात पहिली सोयरीक जुळली.

"म्या बसलो की बुडतो, ताई. हे अनुभवाचं हाय. आन तुमी म्हनताय, ज्यानं मला उभं केलं त्योच कापून टाका."

"अप्पा, तो तुम्हाला खाईल."

"आजवर तर त्योच खाऊ घालतोय," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या. वळावं लागलंच नाही.

मला राग आला होता. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही. आराधिणीचाही आला, अप्पांचाही आला. पण देवळाच्या गावात राहून मी कोणाला काय सांगणार? आमच्या घरीही मांजर आडवं गेलं की पाऊलभर थांबतात. थांबतात आणि मग जातात, एवढाच काय तो फरक.

त्यानंतर अप्पा येत राहिले, भाच्या आणत राहिले, पण पाऊल कधी उचललं नाही. मॅडम दर वेळी विचारायच्या, ते दर वेळी "हाय तसाच हाय" म्हणायचे आणि विषय पोरीकडं वळवायचे. मॅडमनी अप्पांच्या मुलाला फोन केला, तो गावीच शेती बघतो. तो म्हणाला, सांगून बघतो. त्याच्या आवाजावरूनच कळत होतं की या घरात सांगायचं काम अप्पांचं आणि ऐकायचं बाकीच्यांचं.

मग उन्हाळ्यात ते पायमोजे घालून आले.

तुम्ही तुळजापूरचा उन्हाळा पाहिलाय की नाही माहीत नाही. देवळाच्या फरशीवर पाय ठेवला की माणूस नाचतो. अशा दिवसांत धोतर, चपला आणि त्यात काळे पायमोजे. ते गेल्यावर फरशी पुसायला घेतली तेव्हा ते उभे होते तिथं एक ओलसर ठसा दिसला, पावलाच्या खोलगट जागेत जेवढा उमटेल तेवढा. मी तो पुसला, आणि तो पुसला गेला याचं मला बरं वाटलं नाही.

पुढच्या खेपेला ते एकटे आले. पहिल्यांदाच. सरळ मशीनच्या खोलीत येऊन उभे राहिले.

"आज भाची न्हाय," ते म्हणाले. "आज मामाच आलाय."

पायमोजा काढला. तीळ आता चिंचोक्याएवढा झाला होता, फुगलेला, एका कडेला ओला. चालताना दुखतं, चप्पल चिकटते, ते म्हणाले. पोरींचे तीळ मशीननं काढता, तसा हाही काढा. कापायचं नाव काढू नका, मशीन मारा.

मॅडमनी साफ नाही म्हटलं. अप्पांचा चेहरा पडला. लोकांच्या पोरींसाठी चालणारं मशीन आपल्यासाठी चालत नाही, हे त्यांना लागलं असावं. मॅडमनी मग खुर्ची ओढली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "अप्पा, लेझर रंगावर चालतं. वरचा काळा रंग तेवढा जाईल, मूळ आत तसंच राहील. वरून पाय स्वच्छ दिसेल आणि आत तो वाढत राहील. आज निदान दिसतोय तरी. उद्या दिसणारही नाही. म्हणून मी मारणार नाही, आणि दुसरीकडं कुठं मारून घेऊ नका."

अप्पा लक्ष देऊन ऐकत होते. "म्हंजे रंग जातो?"

"रंग जातो."

"आन तीळ आत ऱ्हातो?"

"आत राहतो. तेच तर सांगतेय."

"असं हाय व्हय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बरं बरं. आलं ध्येनात." पायमोजा चढवला, मॅडमला नमस्कार केला, मला "येतो ताई" म्हणाले. मी जिन्यापर्यंत गेले. मला आनंद झाला होता. म्हटलं, शेवटी पटलं, आता हे सोलापूरला जातील. मॅडमनाही तसंच वाटलं. त्या दिवशी आम्ही दोघींनी भजी मागवून खाल्ली.

ते परत आले तेव्हा हातात पेढ्यांचा पुडा होता आणि पायात मोजे नव्हते. "बसत न्हाय, निघतोच," म्हणाले, चौकटीला धरलं आणि पाऊल उचललं.

तळपाय स्वच्छ होता. चिंचोक्याच्या जागी गुलाबी, कोवळी कातडी आली होती, बाळाच्या पायासारखी.

"कुठं केलंत?" मॅडमचा आवाज मला ओळखू आला नाही.

"हायवेला एक पार्लर हाय. तितं ऐतवारी मशीन येतंय भाड्यानं. पोरगा चांगला हाय मशीनवाला, दोन-तीन येळा मारलं त्यानं." मग ते मॅडमकडं बघून अगदी प्रेमानं म्हणाले, "तुमचीच किरपा. तुमी सांगितलं म्हून सुचलं. रंग जातो, तीळ आत ऱ्हातो. मला तेच पायजे हुतं की ओ. तरास बी गेला, आन नशीब बी ऱ्हायलं आत."

मॅडमनी बट कानामागं सारली. पेढ्यांचा पुडा टेबलावर होता. मग त्या म्हणाल्या, "अप्पा, मी तुम्हाला घाबरवत होते."

"व्हय, पर चांगलंच सांगितलं."

मॅडमनी जिवावरचं संकट सांगितलं आणि त्यांनी ते प्रसाद घेतल्यासारखं दोन्ही हातांनी घेतलं. यात चूक कोणाची शोधायची? ते मूर्ख नव्हते. त्यांच्या हिशेबात सगळं बरोबर जुळत होतं, जुळवणं हा तर त्यांचा धंदाच. मॅडमनी तेव्हाच सोलापूरच्या डॉक्टरांना फोन लावून दिवस ठरवला. अप्पा "व्हय व्हय" म्हणाले आणि त्या दिवशी आळंदला एका साखरपुड्याला गेले.

पुढचे महिने त्यांचे भरभराटीचे गेले. ओठावरच्या तिळाच्या पोरीचं जमलं, चांगल्या घरात जमलं. लग्नानंतर ती नवऱ्याला घेऊन दर्शनाला आली तेव्हा अप्पा जिन्यात तिच्या पुढं दोन पायऱ्या होते. मला बघितलं की ते मी न विचारताच पाऊल उचलून दाखवायचे, हात धुऊन आलेलं पोर हात दाखवतं तसं. "बगा. हाय का काय?" काहीच नसायचं. मुलाला मॅडमनी पुन्हा फोन केला तर तोही म्हणाला, पाय तर झकास दिसतोय म्याडम, अप्पा पळत्यात नुसते. सगळ्यांचं समाधान झालं होतं. काळा डाग होता तोवर भ्यायला काहीतरी समोर होतं. आता मला त्या गुलाबी जागेची जास्त भीती वाटायची, आणि ती कोणाला दाखवायची सोय नव्हती. आमच्या मशीनखाली रोज डाग जात होते, पोरी आरशात बघून हसत होत्या, आणि मला प्रत्येक स्वच्छ गाल बघून अप्पांचा पाय आठवायचा.

थंडी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. मी टेबलावर काहीतरी आवरत होते. जिन्यावर चपलांचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. अप्पा आत आले. "निघतोच" म्हणाले नाहीत. चौकटीपाशी थांबले नाहीत. भिंतीकडेच्या बाकड्यापर्यंत आले आणि बसले.

मॅडम आतून बाहेर आल्या होत्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. बाकड्यावर बसलेले अप्पा एकदम लहान दिसत होते. मी दाराबाहेर नजर टाकली, तर चपला जशा निघाल्या तशा पडलेल्या, एक भिंतीकडं तोंड करून, एक पालथी.

"अवधान आलंय," ते म्हणाले. पायाला काटा मोडला, जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला आमच्याकडं अवधान म्हणतात, आणि ती पायाबरोबर आपोआप बसते म्हणून कोणी मनावर घेत नाही. "काटा रुतला असंल कुटंतरी. लेप लावला, पर बसंना."

मॅडमनी पाय बघितला. काटा कुठंच नव्हता. जांघेतली गाठ लिंबाएवढी होती आणि दगडासारखी घट्ट. अप्पांनी वर बघून विचारलं, "तीळ हाय का आत अजून?"

"आहे," मॅडम म्हणाल्या. या वेळी अप्पांना यात चांगलं काही ऐकू आलं नाही.

मुलगा त्यांना बार्शीला कॅन्सरच्या दवाखान्यात घेऊन गेला. आमच्या भागात 'बार्शीला नेलं' म्हटलं की ऐकणारा पुढं आजार विचारत नाही. गाठ काढली, औषधं झाली, तोवर ते छातीपर्यंत पोचलं होतं.

मी एकदा माकणीला जाऊन भेटून आले. ओसरीवर खाटेवर होते, उशाला टेकून. पाय सुजून खांबासारखा झालेला, पण तळवा तसाच स्वच्छ. त्यांच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि कानडीत "कुंद्री" म्हणाली, म्हणजे बसा. अप्पा हसले. "आयुष्यभर ही मला कुंद्री कुंद्री म्हनत आली. आता दिवसभर बसलोय तर रडती." ती पदर तोंडाला लावून आत गेली.

मग त्यांनी लोहाऱ्याच्या एका पोरीची चौकशी केली, तिचे ढग गेले का म्हणून. मी म्हटलं, गेले.

"ताई, त्यो तीळ आता आतनं हिंडाय लागलाय बगा. पायातनं जांगंत, जांगंतनं छातीत. म्या जागचा हालत न्हाय, त्योच गावं करतोय." मग म्हणाले, "म्हातारीनं सांगितलं हुतं परवास हाय. कुनाचा, ते म्या इचारलंच न्हाय."

मी हसायचा प्रयत्न केला. ते मात्र हसत नव्हते. त्यांनी माझा हात धरला. हजार पोरींचे हात मी त्या खोलीत धरलेत, "झालं, झालं, एवढंच राहिलं" म्हणत. इथं मला ते म्हणता येईना.

ते गेल्याचा निरोप मुलानं दिला. मॅडमनी दवाखाना बंद ठेवला आणि आम्ही दोघी माकणीला गेलो. गल्लीच्या तोंडापासूनच माणसं होती. भजन चाललं होतं. बायकांमधून वाट काढत दारापर्यंत पोचले आणि माझे पाय थबकले.

लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवा ठेवत नाहीत, जाळत तर नाहीतच. मांडी घालून बसवतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. मला हे माहीत होतं, लहानपणापासून पाहिलेलं होतं. तरी अप्पांच्या बाबतीत ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. भिंतीला टेकून, नवी शाल, अंगभर विभूती, गळ्यात हार, पक्की मांडी घालून अप्पा बसले होते. निघायची कसलीही घाई नसल्यासारखे.

भाच्या आल्या होत्या. त्या दिवशी मला कळलं की मी किती गाल पाहिलेत. उमरग्याची, आळंदची, ती रडकी, ती मशीनला घाबरून पळून गेलेली. कोणाच्या कडेवर लेकरू, कोणी पोटुशी. एकीच्या गालावर पुन्हा वांग चढलेलं. घरच्यांना अनोळखी बायका, पण सगळ्या "मामा, मामा" म्हणून रडत होत्या. अप्पांच्या मुलाला हे कळत नव्हतं, तो गोंधळून आईला विचारत होता की या सगळ्या अप्पांच्या कोणत्या बहिणीच्या लेकी?

ओठावरच्या तिळाची पोरगी माझ्या पुढंच होती. ती वाकली. मांडी घातल्यामुळं उजवा तळवा वर आला होता, त्यावरही विभूती फासलेली. तिनं त्यावर डोकं टेकवलं, मग जरा मागं होऊन त्या जागेकडं बघत राहिली. अंगठ्यानं थोडी विभूती बाजूला केली. तिथं काही नव्हतं. ती माझ्याकडं वळली आणि हळूच म्हणाली, "ताई, मामाचा तीळ गेला की ओ. साफ गेला."

"हो," मी म्हटलं. "साफ गेला."

मॅडम उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत.

मग लाकडी चौरंग आणला, झेंडूच्या माळा बांधलेला. अप्पांना तसंच मांडी घातलेलं उचलून त्यावर बसवलं, मागं आधार दिला, कपाळाला पट्टी बांधली आणि चौघांनी खांदे दिले. वाजंत्री लागली. माणसांच्या डोक्यांवरून, विजेच्या तारांच्या खालून, जुन्या कापडाच्या दुकानाच्या बंद फळ्यांवरून अप्पा पुढं चालले. उतारावर चौरंग थोडा हिंदकळला तशी त्यांची मान हलली, एसटीत डुलकी लागल्यावर माणसाची हलते तशी. एसटीत ते कायम दाराशी दांडी धरून उभे असायचे, जागा मिळाली तरी कोणा बाईला द्यायचे. अप्पांना बसून प्रवास करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.